सुईची तिसरी खाच

माझी जुनी मोटारसायकल उभ्या-उभ्या छान गुरगुरायची, पूर्ण रेस दिली की सुसाटही पळायची. अर्ध्या रेसवर मात्र हटकून अडखळायची. सुरतेत उधन्यातल्या तीन मेकॅनिकांनी कार्बोरेटर धुऊन दिला, फरक शून्य. चौथा आमच्या खानदेशातला निघाला. त्याने पान्याला हातही लावला नाही. "उभी गाडी खरं बोलत नाही," म्हणाला, मागे बसला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून पर्वत पाटियापर्यंत नुसता ऐकत आला.

परतल्यावर त्याने कार्बोरेटरमधली सुई बाहेर काढली आणि तिच्यावरची क्लिप दुसऱ्या खाचेतून तिसऱ्या खाचेत बसवली. "मधल्या रेसला पेट्रोल कमी पडत होतं, भाऊ."

पुन्हा चक्कर मारली. गाडी लोण्यासारखी चालली, तरी तो "अजून थोडं पुढे" म्हणत राहिला. कडोदरा आलं. वाटभर तो अहिराणीत बोलत होता. गावाकडची विहीर, बायकोच्या हातची ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. "दिवसभर हिंदी-गुजराती. आपली बोली बोलायला इथे माणूसच नाही," तो म्हणाला. माझ्या खोलीवर तरी कोण होतं?

महिन्याभराने एका रविवारी मी गाडी घेऊन गेलो. तिला काहीही झालं नव्हतं.

"मधे अडखळते," मी म्हणालो.

त्याने सुई काढली, उजेडात धरून पाहिली, क्लिप सोडवली आणि पुन्हा त्याच तिसऱ्या खाचेत बसवली. मग फडक्याला हात पुसत मागे बसला.

"चाला भाऊ, फिरीसन देखूत."