भूत पास, सिनेमा नापास

आमची ताई गाडी शिकवते. शिकवायच्या गाडीत तिच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो आणि तिची निम्मी हयात त्या ब्रेकवर गेली आहे. नवशिक्यांच्या शेजारी बसून बसून तिच्या मनातली भीती कधीच मेली. उजवा पाय तेवढा जागा राहिला. कोणाला उगाच पास करणार नाही की उगाच नापास करणार नाही, अशी तिची ख्याती. सख्ख्या नवऱ्यालाही तिने "अजून शिका" म्हणून परत पाठवलं. ते अजून शिकताहेत.

म्हणून भुताच्या सिनेमाचा प्रश्न तिच्याकडे गेला. माझ्या चौदा वर्षांच्या लेकीला तो मैत्रिणींबरोबर बघायचा होता. बायको म्हणाली, "या वयात असलं डोक्यात बसतं. ताई आधी बघतील. त्या म्हणतील ते." लेकीने पाय आपटले, रुसली, अर्ध्या ताटावरून उठली. आणि मग जिन्यात आत्याला गाठून कुजबुजली (मी खाली चपला शोधत होतो), "आत्या, प्लीज नापास कर ना! मला जाम भीती वाटते. पण मी स्वतः नाही म्हटलं तर मैत्रिणी मला वर्षभर भित्री म्हणून चिडवतील."

"खोटं नापास मी कोणालाच करत नाही," ताई म्हणाली. "बघून सांगते."

दुपारच्या खेळाला तिने मलाही ओढून नेलं. गोष्ट अशी की, आई आणि मुलगी नव्या घरात राहायला येतात. तिथे एका मेलेल्या संगीतशिक्षिकेचं भूत असतं. ते मुलीला दिसतं, आईला काही पटत नाही. भूत पहिल्यांदा जिन्यावर उभं राहिलं तेव्हा मी खुर्चीत इतका घसरलो की मला फक्त छत दिसत होतं. ताई लाह्या खात होती.

"काय शिस्तीची बाई आहे बघ," ती म्हणाली. "आधी दार करकरतं, मग दिवा लुकलुकतो, मग येते. रस्त्यावरची माणसं एवढी सूचना देऊन आली असती ना, तर माझे केस अजून काळे असते."

आमची पोर बुडाली, मी मनात म्हटलं.

मध्यंतरानंतर सिनेमातली आई गाडी घेऊन निघाली. एका हातात फोन, आणि ऐन वळणावर ट्रकला ओव्हरटेक! ताईचा पाय धाडकन सुटला तो पुढच्या गृहस्थांच्या खुर्चीवर आदळला. ते "आई गं!" करून ओरडले, ते ऐकून त्यांची रांग ओरडली, मग सगळं थिएटर. पडद्यावर तेव्हा भूत नव्हतंच.

"पट्टासुद्धा लावलेला नाही बयेने!" ताई अंधारात गरजली.

घरी लेक दाराला चिकटून नखं खात होती. बायकोने विचारलं, "काय हो ताई, भूत कसं आहे?"

"चांगल्या घरचं आहे. पोरांना दाखवायला काही हरकत नाही."

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला.

"मग पाठवू?"

"छे छे! ती आई गाडी कशी चालवते, पाहिलंत का? भुताचं कोणी काही शिकत नाही, वहिनी. आईचं सगळं शिकतात. उद्या याच पोरी माझ्याकडे येऊन तस्संच चालवतील. भूत पास, सिनेमा नापास."

"शी! आत्या, काय गं!" लेकीने असा हंबरडा फोडला की शेजारच्यांनी खिडकी उघडली. मग मैत्रिणींना कळवायला ती आत गेली. आवाजात दुःख मावत नव्हतं आणि पाय जमिनीवर ठरत नव्हते.

थोड्या वेळाने ती बाहेर आली, ती गोंधळलेलीच. "आत्या, माझी मैत्रीण विचारतेय, तू तिच्या आईशी पण बोलशील का? म्हणजे... तिलाही पाठवू नका म्हणून?"

तो फोन होतो न होतो तोच दुसरीचा आला. मग तिसरीचा. या टोळीत सगळ्यात धीट म्हणून मिरवणारी जी होती, ती तर रडकुंडीला आली होती. "आत्या, माझ्या आईने 'जा' म्हटलंय हो! काहीतरी करा ना!"

"दे तिला फोन," ताई म्हणाली आणि खुर्चीत ऐसपैस बसली. "नमस्कार. तुम्ही स्वतः गाडी चालवता का? हो? बरं, मग आधी तुमच्याबद्दल बोलू."