वरून ओतलेलं पाणी

"काकू, डबा आणू नका."

केजच्या बसस्थानकावर अंबाजोगाईची गाडी लागली होती. माझा एक पाय गाडीच्या पायरीवर होता आणि हातात मुगाच्या खिचडीचा डबा. तेवढ्यात दवाखान्यातून शिवाचा, म्हणजे अक्कांच्या मुलाचा, फोन आला. एवढंच बोलला. मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, चढा न्हाईतर उतरा तरी." मी उतरले. डबा घेऊन घरी आले, तो रिकामा केला, घासला आणि ओट्यावर पालथा घातला. माझ्या हातांना हे सगळं न सांगता करता येतं. मन मागाहून आलं.

अक्का माझ्या थोरल्या जाऊ. एकाच घरात, एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे आमचा सगळा संसार झाला. घरचं किराणा दुकान थोरल्या भावजींनी चालवलं, त्यांच्यानंतर ते अक्कांनी पाहिलं, आणि मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं. हे मी खरं तर माझ्या परदेशातल्या नातवंडांसाठी लिहिते आहे. ईरा, निहार, तुम्हाला अक्काआजीला पाहायला येता आलं नाही. पुरवणीच्या वाचकांनी या निमित्ताने आमच्या घरात थोडं डोकवावं.

लिहायला बसण्याचं कारणही ईराच आहे. तिच्या शाळेत एक जुनी इंग्रजी कादंबरी लागली आहे आणि तिच्यातल्या पूर्वग्रहावर तिला निबंध लिहायचा आहे. "आजी, तू हीच शिकवायचीस ना? मुद्दे सांग ना." कादंबरीचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. नाव दिलं की निहार लगेच सारांश शोधून काढील. मुद्दे मात्र मला तोंडपाठ आहेत, किती तरी वर्षं मी ते फळ्यावर लिहिले आहेत. पण फोन ठेवला आणि वाटलं, ही कादंबरी मला जिथे कळली ती जागा वर्ग नव्हती. ती आमची ओसरी होती.

मी निवृत्त झाले तेव्हा अक्कांचे डोळे अधू झाले होते. टीव्हीवरच्या मालिका त्यांना आवडत नसत. "त्या बाया सोन्यात मढून सैपाक करत्यात, मला बगवत न्हाई," म्हणायच्या. मग दुपारी दुकान बंद झालं की मी त्यांना पुस्तक वाचून दाखवू लागले. पुस्तक इंग्रजी, माझ्या तोंडून बाहेर पडे ते मराठीत. अक्का पाण्याच्या रांजणाशेजारी भिंतीला टेकून, मांडी घालून बसायच्या. मी जरा थांबले की म्हणायच्या, "मग फुडं?"

कादंबरी अशी. इंग्लंडातल्या एका खेड्यात दर हंगामाला परगावची माणसं विळे घेऊन गहू कापायला येतात. शेताची मालकीण भली बाई आहे, देवभोळी, कुणाला उपाशी न ठेवणारी. कापणीवाल्यांना ती रोज दूध देते, पण दाराबाहेर. एका वर्षी गावात ताप पसरतो. हा ताप या बाहेरच्या माणसांनीच आणला, असं गाव ठरवून टाकतं. मालकीणही ठरवते आणि त्यांना धान्याच्या कोठारातून रात्रीच्या थंडीत बाहेर काढते. त्यांच्यातल्या एकाची बायको रानात मरते. ताप मालकिणीच्या स्वतःच्या विहिरीतून आला होता, हे पुष्कळ उशिरा कळतं.

"विळा घेऊन म्हंजे आपल्याकडं कोयता घेऊन जात्यात तसंच की," अक्का पहिल्याच दिवशी म्हणाल्या. समजावून सांगायची गरज पडली नाही. दिवाळी झाली की आमच्या भागातली निम्मी गावं ऊस तोडायला जातात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. आमच्याकडे अंगण झाडायला, सरपण फोडायला येणारी कौसाही त्यांतलीच. ओढ्यापलीकडे तिची वस्ती. माझ्यापेक्षा चार-सहा वर्षांनी लहान, आणि जीभ अशी की दुकानातली गिऱ्हाइकं तिला घाबरून असायची. मी वाचत असले की ती पायरीवर बसून चुलीसाठी तुराट्या मोडायची. गोष्ट रंगली की तुराट्यांचा आवाज थांबायचा. मग कळायचं, तीही ऐकते आहे.

आता ते सांगते, जे तुम्ही सुट्टीत आला होतात तेव्हा पाहिलं असेल आणि लक्षात आलं नसेल. आमच्या घरी कुणीही पाणी मागितलं की अक्का तांब्या भरून त्याच्या हातात देत. कौसाला देत नसत. कौसा पायरीखाली वाकून ओंजळ धरी आणि अक्का उंबऱ्यातून, हात चांगला वर धरून, पाणी ओतत. रोज लिंगपूजा केल्याशिवाय अक्का पाण्याचा थेंब घेत नसत. माणसामाणसांत भेद मानू नये, असं सांगणारी वचनं त्यांना पाठ होती आणि त्या ती सुंदर म्हणायच्या. तरी हात वर जायचा. रागाने नाही, किळसेने नाही... दिवा लावताना पदर सावरतो, तसा.

एके दुपारी मी तो प्रसंग वाचत होते. कापणीवाल्याची बायको दारात दूध मागते. मालकीण वाडगा आणते, जमिनीवर ठेवते आणि दोन पावलं मागे सरते.

"अगं, हातात दे की तिच्या!" अक्का एकदम ओरडल्या. डोळ्यांत पाणी. "कसली बाई हाय ही!"

तेवढ्यात पायरीवरून आवाज आला, "मोठ्या बाई, पानी द्या वो जरा."

कौसाने ते मुद्दाम मागितलं की तिला खरंच तहान लागली होती, हे मला आजवर कळलेलं नाही. अक्का उठल्या. तांब्या भरला, उंबऱ्याशी गेल्या, हात वर केला. पाणी ओंजळीत पडत राहिलं.  अक्का परत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "वाच." मी एक पान वाचलं असेल. "ऱ्हाऊ दे आज," त्या म्हणाल्या. त्यांनी "मग फुडं?" विचारलं नाही, असा तो पहिलाच दिवस.

त्यानंतर कौसा कारखान्यावर गेली. थंडीभर आम्ही वाचत राहिलो आणि शेवटच्या प्रकरणाच्या तोंडाशी आलो. म्हातारा झालेला तोच कापणीवाला पुन्हा त्या दाराशी उभा आहे. मालकीण दार सताड उघडते आणि म्हणते, आत या. इथे ते प्रकरण संपतं, शेवटचं एकच उरतं.

"थांब, विमल," अक्कांनी माझ्या हातावर हात ठेवला. "त्यो आत येतो का न्हाई ते सांगू नकोस. कौसा येऊ दे." अंबाड्यातला आकडा काढून त्यांनी त्या पानात घातला.

पाडवा झाला आणि कौसा आली. उन्हाने रापलेली, एका पायाने लंगडत. अक्कांनी सकाळपासून दोनदा चहाचं आधण ठेवून उतरवलं होतं. कौसाने खराटा हातात घेतला तशा त्या म्हणाल्या, "ठेव ते. आत ये. चहा टाकलाय."

"कावून? कुनी पाव्हनं येनारंत का?"

"न्हाई गं. तुझ्यासाठी."

कौसा खराट्यावर भार देऊन उभी राहिली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग अक्कांकडे. "इतक्या वर्सांत आजच कसं सुचलं, मोठ्या बाई? त्या गोस्टीमुळं व्हय?"

 अक्कांचा चेहरा परीक्षेला बसलेल्या पोरीसारखा झाला होता.

"त्या गोस्टीतल्याला जाऊ द्या आत," कौसा म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागलं. "त्याचं काय, पुस्तक मिटलं की संपलं. मला उद्याबी हितंच यायचंय." आणि झाडायला लागली. वर हसून म्हणाली, "चहा मातर भाईर द्या. लई दिस झालं दुधाचा प्याले न्हाई."

अक्कांनी चहा बाहेर नेऊन दिला, हातात दिला. तिने तो घेतलाही. पण पाण्याच्या वेळी कौसा पायरीखाली वाकली आणि ओंजळ पुढे केली. अक्कांनी तांब्या पुढे धरला. कौसाने तो घेतला नाही, ओंजळ तशीच धरून ठेवली. शेवटी अक्कांना ओतावं लागलं.

त्यानंतर वर्षानुवर्षं हेच चाललं. अक्कांना ते थांबवायचं होतं आणि कौसा थांबवू देत नव्हती. पुस्तक मिटलेलंच राहिलं. शेवट अक्कांनी विचारला नाही आणि मीही सांगितला नाही. एक गोष्ट मात्र मी पाहत आले. अक्कांचा हात खाली येत गेला. आधी खांद्याच्या उंचीला, मग छातीच्या. पुढे गुडघे धरले तरी त्या उंबऱ्यावर बसून ओतू लागल्या. शेवटी शेवटी तांब्याचा काठ आणि कौसाची बोटं यांच्यात जेमतेम एका पोळीच्या जाडीइतकं अंतर राहिलं होतं. टेकला कधीच नाही. दोघी एकमेकींकडे न बघता, जणू दोघींनाच ठाऊक असलेला काही करार पाळत होत्या.

दवाखान्यात मी त्यांना शेवटची भेटले तेव्हा बोलायला त्रास होत होता. "कौसा आली का कारखान्यावरनं?" त्यांनी विचारलं. अजून नाही, मी म्हणाले. "रांजण भरून ठेवत जा," त्या म्हणाल्या. मग डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन निघाले होते.

आपल्या लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. अक्कांना मांडी घालून, पाठ सरळ करून बसवलं, कपाळाला विभूती, मान किंचित कललेली. मी ते पाहत राहिले. पुस्तक ऐकताना त्या अशाच बसायच्या. सगळे माती टाकत होते आणि मला वाटत होतं, त्या अजून वाट पाहताहेत. तेव्हापासून दुपारी ओसरीवर बसवत नाही. रांजणाशेजारच्या भिंतीवर त्यांच्या डोक्याच्या तेलाचा डाग आहे. मी पान उलटलं की तिथून काहीतरी विचारलं जाईल, असं वाटत राहतं.

ईरा, तुझ्या कादंबरीचा शेवट तू वाचला असशील. तो माणूस आत जातो, शेकोटीपाशी बसतो आणि सगळी मिळून जेवतात. मी मुलांना लिहून द्यायची, 'अखेर पूर्वग्रहावर माणुसकीचा विजय होतो.' या वाक्याला गुण मिळत. तुलाही मिळतील.

पाडव्यानंतर कौसा आली. तिला वाटेतच कळलं होतं. पायरीवर बसून थोडं रडली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "मास्तरीणबाई, पानी द्या."

मी रांजणातून तांब्या भरला. हातात द्यायचा, असं ठरवूनच उंबऱ्याशी गेले. कौसाने ओंजळ धरली... आणि माझा हात वर गेला. अक्कांचा शेवटचा, खाली आलेला हात नव्हे. तो जुना, मी तरुणपणापासून पाहत आलेला हात. चांगला उंच. पाणी सुटलं होतं, तिच्या मनगटांवरून निथळत होतं आणि मी माझ्याच कोपराकडे दुसऱ्या कुणाचं असल्यासारखं पाहत होते.

कौसाने पाणी पिणं थांबवलं. ओंजळ तशीच धरून वर पाहिलं.

"मोठ्या बाईंचा हात लई खाली आलता वो," ती म्हणाली.

मी उंबऱ्यावर बसले. गुडघे दुखतात, वेळ लागला. पुस्तकातला आकडा अजून त्याच पानात आहे. कौसा थांबली होती. मी तांब्या खाली आणला, आणखी खाली, अक्कांनी जिथवर आणला होता तिथवर... आणि ओतू लागले.