आत्याच्या यजमानांनी निवडलेले विषय

बारावीनंतर मला पुण्याला आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या पाच वर्षांच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता आणि घरच्यांनी पाठवलं नाही. ओरडाआरडा झाला नाही, रडारड झाली नाही. पप्पा धारा काढून आले, हात धुतले आणि म्हणाले, "बी.ए. हितंच कर. म्होरचं मग बघू." आमच्या घरात 'मग बघू' म्हणून बाजूला ठेवलेलं काही कुणी नंतर बघत नाही. गोठ्याचा पत्रा, आईचे गुडघे, सगळं तिथंच आहे. मी "बरं" म्हटलं आणि जेवायला बसले.

त्यानंतर मला काही वाटेनासं झालं. दुःख म्हणावं तर तेही नव्हतं. दाढ काढायच्या आधी हिरडी बधिर करतात, मग जीभ लावून बघितली तरी ती आपली वाटत नाही, तसं काहीसं. मी झाडलोट करत होते, डेअरीत दूध पोचवत होते, गावातल्या मैत्रिणींच्या फोटोंना लाईक करत होते. आई शेजारणीला सांगायची, "शाणी झालीया आता, हट्ट करत न्हाय."

ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम एकदा बसस्टॉपवर भेटल्या. पुण्याचं झालं नाही म्हटल्यावर त्यांनी हळहळ व्यक्त करण्यात वेळ घालवला नाही, त्याबद्दल मी अजून त्यांची आभारी आहे. म्हणाल्या, "मग इथंच जुळव. मेजर राज्यशास्त्र घे. मायनर अर्थशास्त्र, ते कितीही कंटाळवाणं वाटलं तरी. नाहीतर व्यापार, तेल, निर्बंध, ह्यातलं काही कळायचं नाही आणि तू नुसती बातम्या वाचत बसशील. ओपन इलेक्टिव्हला इतिहास बघ. आणि एक परकी भाषा पहिल्या वर्षापासूनच धर. तिसऱ्या वर्षी धरलीस तर नमस्कार-चमत्काराच्या पुढे जाणार नाहीस." तेवढ्यात बस आली. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून मी तेच घोकत राहिले: राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, इतिहास, आणि परकी भाषा म्हणून जर्मन. हे चार धरले तर तीन वर्षांनी एम.ए.ला बाहेर जाण्याची वाट उघडी राहत होती, आणि दुसरी कुठली वाट नव्हती. मला जायचं आहे की नाही हे त्या दिवसांत मला सांगता आलं नसतं. पण वाट राहावी इतपत शुद्ध होती.

आता आमच्याकडची रीत. कॉलेज असो, तहसील असो, दवाखाना असो, आधी तिथं 'आपला माणूस' कोण आहे ते शोधायचं. तो सापडला की काम झालं म्हणून घरी चहा होतो. माझ्या आत्याचे यजमान शहरातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात आहेत. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. मी त्यांना विषय सांगितले, कागदपत्रं आईनं पाठवली. मामा म्हणाले, "तू कशाला येतीस रांगेत? मी हाय न्हवं. सगळं लावतो." प्रवेश झाल्याचा मेसेज आला तेव्हा मेजर मराठी होतं, मायनर भूगोल, आणि ओपन इलेक्टिव्हला फळं आणि भाज्या टिकवण्याचं शास्त्र. म्हणजे लोणचं.

मी तो मेसेज आईला दाखवला. आई म्हणाली, "झाला न्हवं परवेश? मग झालं." आणि रविवारी त्या दोघांना जेवायला सांगितलं.

मटण होतं, तांबडा-पांढरा रस्सा होता, पप्पांनी सकाळीच जाऊन पुढच्या पायाचं आणलं होतं. मामा आमच्या घरचे जावई. जावयाच्या ताटाशी आमच्यात कुणी वर तोंड करून बोलत नाही. पांढरा वाढता वाढता मी फक्त विचारलं, "मामा, राज्यशास्त्र मिळत नव्हतं काय?"

"मिळत हुतं की," मामा म्हणाले. "न मिळायला काय झालं? पर त्यांचं तास पार दुपारपतोर. आन ती जर्मन का काय, ती तर सांजच्याला. ह्यो ग्रुप कसा, सकाळी जायाचं आन दुपारच्या आत मोकळं."

"मोकळं होऊन काय करू?"

आत्या हसली. तिचं हसणं मला लहानपणापासून आवडतं, खरं सांगते. म्हणाली, "काय करू म्हंजे? घर कोण बघंल? आमच्यापासनं कॉलेज चालत जायाच्या अंतरावर हाय. लगीन झालं तरी तुझी बी.ए. थांबायची न्हाय, त्येचाच इचार करून मामांनी लावलंय समदं."

आत्याचा मुलगा एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर आहे. सरळ आहे, व्यसन नाही. भावाची मुलगी सून म्हणून करणं आमच्यात नवं नाही, आणि मी आत्याची सून होणार अशी चेष्टा मी दुधाची बाटली पीत होते तेव्हापासून चालली असेल. चेष्टा आहे असं मी समजत होते. आईकडे पाहिलं तर ती भाकरी मोजल्यासारखी दुरडीत बघत होती. तिला माहीत होतं. म्हणजे विषय कुणी चुकवले नव्हते. फार मायेनं, माझ्या होणाऱ्या सासरचा स्वयंपाक सांभाळून निवडले होते. पप्पांनी हातातली भाकरी ताटात ठेवली. मी पांढरा वाढून झाल्यावर तांबडा आणायला आत गेले. तिथंही मला काही वाटलं नाही, हे मला आजही विचित्र वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेअरीतून आल्यावर पप्पा म्हणाले, "आवर. कॉलेजात जाऊया." आई दारात आली, "कशाला?" त्यांनी गाडीला किक मारली.

ऑफिसच्या खिडकीत मामाच होते. "या पावणं! सकाळ सकाळ काय काम काढलं?"

"पोरीचं विषय बदलायचं हायती, दाजी."

मामा हसले. मग पप्पा हसत नाहीत हे पाहून थांबले. "बसा, च्या घ्या. सांजच्याला घरात बोलू की."

"घरातलं घरात बोलू. ह्ये कॉलेजातलं हाय."

"अवो, पर तिच्या आत्तीला मी काय सांगू? लेकाला काय सांगू?"

"मीच सांगतो. काय सांगायचं त्ये." पप्पांचा आवाज मोठा नव्हता. आमच्याकडे भांडण नसतानाही आवाज मोठा असतो, त्यामुळे रांगेतल्या पोरांनी वळून पाहिलं. "तिला बाहीर शिकाय जायाचंय. एकदा न्हाय म्हणलोय मी. दुसऱ्यांदा म्हणणार न्हाय."

मामांनी माझ्याकडे बघितलं. सगळ्यांना वाटलं असेल, पोरगी आता डोळे पुसेल. मला एकच सांगावंसं वाटत होतं: पप्पा, राहू द्या. मला आता काहीच नको आहे, राज्यशास्त्रही नको, लोणचंही नको, घरी जाऊन झोपायचं आहे. त्यांनी बहिणीशी वाकडं घ्यावं इतकं माझ्यात काही उरलेलं नव्हतं आणि ते त्यांना दिसत नव्हतं. पण मामांनी कागद पुढं सरकवला, पप्पांनी खिशातलं पेन काढून माझ्या हातात दिलं. मी सही केली.

वर्ग सुरू झाले. देशांनी एकमेकांशी संबंध कसे तोडावेत याचेही नियम असतात, कुणाला परत बोलवायचं, किती दिवसांत, हे मी वहीत व्यवस्थित लिहून घेतलं. अर्थशास्त्र मॅडम म्हणाल्या होत्या तेवढंच कंटाळवाणं निघालं. जर्मनच्या वर्गातून संध्याकाळी बाहेर पडले की फाटकापाशी पप्पा गाडी घेऊन उभे असायचे, म्हशी आईवर टाकून. आत्याचे फोन यायचे बंद झाले होते.

राखी पौर्णिमेला आत्या आली नाही. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. बाळंतपणातसुद्धा तिनं राखी पोचवली होती म्हणे. पप्पांनी दाढी केली, पांढरा सदरा घातला आणि बाहेरच्या सोप्यात बसून राहिले. दुपारी आईनं ताट केलं तेव्हा म्हणाले, "थांब वाईच." आई थांबली. रस्त्यावर रिक्षा वाजली की ते मान वर करत. शेवटी उठले, सदरा काढून खुंटीला लावला आणि गोठ्यात गेले.

मी चहा घेऊन गेले. ते म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होते. बाही दुमडलेली होती, मनगट मोकळं. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "आवडतंय न्हवं तुला, त्ये तुझं शिक्षान?"

मला तेव्हाही काही कळत नव्हतं, आवडतंय की नाही.

"व्हय पप्पा," मी म्हटलं. "लई आवडतंय."