अण्णांची चुन्याची पिशवी

इंजिन आणायच्या आदल्या दिवशी आमचे अण्णा ट्रेलरला हातसुद्धा लावत नसत. खांद्याला चुन्याची पिशवी अडकवायची आणि बेंगळूरबाहेरच्या होसकोटेपासून विमानतळाजवळच्या शेडपर्यंत चक्क पायी निघायचं. वाटेत खड्डा आला की थांबायचं, आत पाय घालून खोली बघायची आणि भोवती चुन्याचं वर्तुळ काढायचं. सगळा रस्ता असा पांढऱ्या ठिपक्यांनी भरला की संध्याकाळी पाय चेपत घरी. "अहो अण्णा, ड्रायव्हर ना तुम्ही? मग पायी कशाला मरता?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "उद्या चाकं जायची तिथं आज पाय जाऊ दे बा."

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. विमानांची मोठाली इंजिनं तेव्हा मद्रासहून होसकोटेच्या गोदामात येत आणि तिथून आमच्या ट्रेलरवरून बेंगळूरला. अण्णा इथल्या जुन्या मराठी घरातले, तीनशे वर्षं कानडी मुलखात मुरलेले. 'थोडं' हा शब्द त्यांच्या मराठीत नव्हताच, सगळं 'स्वल्प'. चहा स्वल्प, राग स्वल्प आणि वेग तर इतका स्वल्प की सायकलवाले आम्हाला मागे टाकताना हात हलवायचे. मी वाहतूक कंपनीतला कारकून, कागदपत्रं घेऊन केबिनमध्ये त्यांच्या शेजारी बसायचो. माझं नाव त्यांनी जन्मात घेतलं नाही. मी बेळगावचा, म्हणून मला हाकच 'बेळगाव'.

एवढी काळजी कशासाठी, ते त्यांनीच मला पहिल्या खेपेला समजावलं. इंजिनाच्या चौकटीला एक काळी डबी लावलेली असे. आत कागदाची पट्टी आणि सुई. जोराचा धक्का बसला की सुई लाल रेघ ओलांडायची, आणि मग ते इंजिन बसवायचं नाही, परदेशी पाठवून उघडून बघायचं, असा नियम. "रस्त्यातला खड्डा दिसतो बा," अण्णा म्हणायचे, "बेअरिंगला पडलेला दिसत नाही. आणि वर माणसं बसतात." हे शेवटचं वाक्य ते नेहमी हळू आवाजात म्हणत. त्यांच्या इतक्या वर्षांत सुईने लाल रेघ एकदाही ओलांडली नव्हती. डोक्यावरून विमान गेलं की ते मान वर करून बघत राहायचे आणि म्हणायचे, "आपलंच असेल." स्वतः विमानात कधी बसले नाहीत. आपण आणलेलं इंजिन वर नीट चाललंय, यातच त्यांचं पोट भरायचं.

के. आर. पुरमच्या रेल्वे फाटकाअलीकडे एका अक्कांची इडलीची गाडी होती. गाडीपुढेच एक भलामोठा खड्डा. अण्णांना चुना टाकताना पाहून सुरुवातीला अक्कांना वाटलं, हा नगरपालिकेचा माणूस, आता खड्डा बुजणार! कसलं काय! खरं कळल्यावर त्या पोट धरून हसल्या, पण तेव्हापासून अण्णांना त्यांच्याकडची इडली फुकट. अण्णा फुकटचं खात नसत, म्हणून दोघांचं दर खेपेला भांडण. कानडीत भांडायचे, पण भांडण समजायला भाषा लागते कुठे!

त्या खेपेला आम्ही सकाळी फाटकाजवळ आलो, तर अक्कांच्या गाडीपुढे चुन्याचं वर्तुळच नाही. खड्डाही नाही. सपाट जमीन, वर पाण्याचा सडा आणि मधोमध सुरेख रांगोळी! आदल्या संध्याकाळी अण्णा चुना टाकून गेल्यावर अक्कांनी चार गिऱ्हाइकांना कामाला लावून विटांचे तुकडे आणि माती भरून खड्डा बुजवला होता. "या अण्णा, या! तुमच्यासाठी केलंय!" त्या पदर खोचून दोन्ही हातांनी बोलावत होत्या. अण्णांनी ब्रेक लावला. एरवी त्यांनी खाली उतरून पायाने दाबून बघितलं असतं. पण अक्का एवढ्या हौसेने उभ्या, गिऱ्हाइकं टाळ्या वाजवताहेत, अशात उतरून त्यांच्या रांगोळीवर पाय आपटायचा? अण्णांना ते जमेना. "सरी, ठीक आहे," असं म्हणून त्यांनी गाडी पुढे घेतली.

पुढचं चाक गेलं. मागची चाकं इंजिनाचं ओझं घेऊन आली आणि भराव खचला. धाडकन आवाज झाला. आम्ही उतरून डबी पाहिली. सुई लाल रेघेपलीकडे गेली होती.

अक्का धावत आल्या. "काय झालं? काही मोडलं का?" अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरी ते म्हणाले, "काही नाही अक्का. छान केलंत तुम्ही." मला मात्र रडू फुटायचं बाकी होतं.

ऑफिसात साहेबांनी स्पष्ट सांगितलं, रस्त्यात भराव घातला म्हणून त्या बाईवर तक्रार करा, ड्रायव्हर सुटेल. मी कागद पुढे ओढला. अण्णांनी माझं मनगट धरलं. "तिनं माझ्यासाठी केलं बा. तिचं नाव घातलंस तर माझ्याशी बोलू नको." काय करणार होतो मी? 'चालकाचा अंदाज चुकला', असं माझ्या हाताने लिहिलं. कंपनीने अण्णांना इंजिनांवरून काढून विटांच्या ट्रकवर टाकलं.

त्याचं त्यांना दुःख नव्हतं असं नाही, पण खरा घोर वेगळाच होता. इंजिन परदेशी गेलं की नाही, उघडून बघितलं की तसंच बसवलं, कुणी सांगेना. दर शनिवारी ते ऑफिसात यायचे. "बेळगाव, कागद आला?" मी पत्रांवर पत्रं धाडत होतो, उत्तर नाही. "अहो, नियम आहे, तपासल्याशिवाय बसवत नाहीत," मी सांगायचो. "नियम रस्त्यालापण असतात बा," ते म्हणायचे. आता विमानाचा आवाज आला की त्यांची मान खाली जायची. आवाज विरेपर्यंत ओठ घट्ट मिटलेले. खोटं सांगावं, आला म्हणावं, असं कितीदा मनात आलं. पण त्यांनी कागद मागितला असता, तर दाखवणार काय, कपाळ?

वर्षभराने अण्णा गेले, झोपेतच. शववाहिनीत मी त्यांच्या उशाशी बसलो होतो. रस्ता तोच, आणि चालवणारा प्रत्येक खड्ड्यात गाडी आदळत होता. मी अण्णांचं डोकं दोन्ही हातांनी धरून ठेवलं आणि ओरडलो, "अरे स्वल्प! स्वल्प हळू घे!" त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "आता त्यांना काय लागतंय, सार?" म्हणाला.

कागद आला तो तेराव्यानंतर आठवड्याने. इंजिन उघडलं होतं, बेअरिंगला काही झालेलं नव्हतं. मी तो इंग्रजी कागद घेऊन अण्णांच्या घरी वहिनींकडे गेलो आणि मराठीत सांगितला. त्यांनी तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला.

"तपासलं कधी म्हणतोस?"

मी तारीख बघितली. धक्का बसल्यावर दीड महिन्यातच तपासलं होतं. कागद तेवढा कुणी धाडला नव्हता.

घरावरून विमान गेलं तेव्हा आम्ही दोघांनीही वर पाहिलं.