फुटक्या काकणांचं तोरण

गौराबाई नेसरीहून भावाच्या घरी आल्या त्या ऐन एप्रिलच्या उन्हात. हातात दोन पिशव्या, काखेत पत्र्याचा डबा. दारात चप्पल काढायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, "शिवांजलीचं रुखवत मी करणार. भाड्याचं आणलंसा तर मला लग्नाला बोलवू नगा."

त्यांचा धाकटा भाऊ महांतेश. शाहूपुरीत खाली त्याचं नळ-पाइपांचं दुकान, वर घर. मुलीचं लग्न मे महिन्यात. आता रुखवत भाड्यानं मिळतं, थर्माकोलचा किल्ला, प्लॅस्टिकची बैलगाडी, आणि लग्न उरकलं की तेच दुसऱ्या नवरीच्या टेबलावर, हे ऐकल्यापासून गौराबाईंचं डोकं फिरलं होतं. "मग नवरीबी भाड्यानंच आणा की," त्या म्हणाल्या. महांतेशची बायको महादेवी आतून बोलली, "मला काय, मी आपली सांगते, करू द्या वन्संना हौस." तिची सगळी मतं अशी 'मला काय'च्या पदराआडून यायची.

दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली आलं की वर गौराबाईंचा कारखाना सुरू व्हायचा. कापसाच्या वाती वळून त्यांची कमळं झाली, करवंट्या घासून घासून आरशागत झाल्या. आणि एका दुपारी लाइट गेली, मेणबत्ती लावली, तेव्हा त्यांना लहानपणीचा एक खेळ आठवला. काकणाचा तुकडा ज्योतीवर धरायचा. काच मऊ होते, आपोआप वाकते, टोकाला टोक भिडतं, कडी तयार. तिच्यात दुसरा तुकडा अडकवायचा, पुन्हा ज्योतीवर.

गल्लीत जरीनाचं काकणांचं दुकान. पेट्यांतनं येताना फुटलेला माल ती एका पोत्यात टाकायची. गौराबाईंनी पोतंच मागितलं.

"अक्का, काचंचं लोणचं घालताय काय?" जरीना म्हणाली.

"व्हय. मुरलं की तुलाबी देते."

शिवांजली मोबाइल बाजूला ठेवून आत्तीशेजारी बसायला लागली. पहिल्या दिवशी बोट भाजलं. दुसऱ्या दिवशी तिला कळलं, की काच ज्योतीच्या पोटात धरली तर काजळते, शेंड्याच्या जरा वर धरली की स्वच्छ राहते. "आत्ती, बघ बघ, काच नाचतीय," ती म्हणायची. हिरव्याला मोरपंखी, मोरपंखीला सोनेरी, अशा कड्या वाढत गेल्या आणि दाराएवढं तोरण झालं. हलवलं की किणकिणायचं. गौराबाई ते कानाशी धरून बसायच्या. नवरा गेला त्या दिवशी बायकांनी त्यांचा हात उंबऱ्यावर धरून दगडानं काकणं फोडली होती. ती काच कुणी गोळा केली नव्हती, केरात गेली होती. हे त्या कुणाला सांगत नव्हत्या. पण हे तोरण रुखवताच्या टेबलावर सगळ्यांत वर लागलं पाहिजे, एवढं मात्र रोज सांगायच्या.

लग्नाच्या आदल्या दिवशी रुखवताची खोकी भरताना तोरण दिसेना. गौराबाईंनी घर पालथं घातलं. शेवटी माळ्यावर कूलरच्या खोक्यामागून जुन्या चादरीचं गाठोडं डोकावताना दिसलं.

"महांतेश, तोरण माळ्यावर कुणी टाकलं?"

"तसं न्हवं गं अक्का." महांतेशचं प्रत्येक बोलणं 'तसं न्हवं'पासूनच निघायचं. "तोरण एक नंबर झालंय. पर कसंय, काकणं फुटकी हायत. लग्नात फुटकी काच म्हंजे अपशकुन. आणि त्यात तू..."

"त्यात मी काय?"

महांतेश खाली दुकानात कुणीतरी हाक मारल्यासारखं करून निघून गेला. हाक कुणी मारलेली नव्हती.

त्यात मी काय! ह्याच माणसानं मार्चमध्ये महिला दिनाला व्यापाऱ्यांच्या सभेत अक्काला नेसरीहून बोलावून शाल घातली होती, फोटो काढले होते, आणि विधवांच्या मानावर असं भाषण ठोकलं होतं की लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल कार्यक्रमाला चालते. तोरण मात्र माळ्यावर.

संध्याकाळी जरीना शिवांजलीला काकणं भरायला आली. भावकीतल्या बायका गोल बसल्या. विधवेनं ह्या गोलात बसायचं नसतं, म्हणून गौराबाई दाराशी उभ्या. चौथं काकण नवरीच्या हातावर कटकन फुटलं. "होतंय की," म्हणून जरीनानं तुकडे बाजूला सारले आणि दुसरं घेतलं. महादेवी बशीतला चहा फुर्रकन प्याली. कुणाची पापणी हलली नाही.

"महादेवी, आता लग्न मोडलं म्हणायचं का?" गौराबाईंनी विचारलं.

"असलं वंगाळ काय बोलताय वन्सं?"

"काच फुटली की. नवरीच्या हातावर फुटली. माझी तर कुणाच्या हातातबी गेली न्हवती, पेटीतच मोडलेली. माझा तेवढा अपशकुन?"

महांतेश नेमका बिस्किटांचं ताट घेऊन जिन्यातून वर आला. गौराबाईंनी स्टीलचा पेला उचलून माइकसारखा तोंडाशी धरला, पोट पुढं काढलं, आवाज जाड केला. "तसं न्हवं, बंधू-भगिनींनो. आमच्या घरात विधवा-सधवा असा भेद नाही. माझी अक्का माझ्या घरात पहिल्या पाटावर बसते." मधेच घसा खाकरणं, डाव्या हातानं चष्मा सावरणं, सगळं हुबेहूब. पहिल्यांदा शिवांजलीला हसू फुटलं, मग भावकीला, आणि शेवटी महादेवीच्या नाकातून चहा आला.

गौराबाई हसल्या नाहीत. पेला खाली ठेवून त्या गोलात शिरल्या, शिवांजलीच्या पाटावर तिला सरकवून बसल्या आणि हात पुढं केला.

"भर गं जरीना."

हसणं थांबलं. सगळ्यांनी महांतेशकडं पाहिलं. जरीनानं नाही पाहिलं. तिनं गौराबाईंचा तळवा दोन्ही हातांत घेऊन चेपून बघितला, गिऱ्हाइकाचा बघतात तसा.

"अडीचचं माप लागंल. हिरवी का मोरपंखी?"

"हिरवी. आणि ती फुटकी टाकू नगंस, एक कडी कमी पडतीया."

महांतेशनं ताट तिथंच फरशीवर ठेवलं आणि स्टूल आणायला गेला. माळ्याशी तो चढलेला दिसला, तसा गौराबाईंनी हात न हलवता आवाज दिला, "गाठोडं खालनं धर, गाठीला धरू नगंस. एक जरी कडी तुटली तर लग्नात तुला मेणबत्तीपुढं बसवीन."