तिसऱ्या ओळीनंतरचा थांबा

इस्त्रीबाईचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. चूल नंतर, आधी गीत. चर्चच्या जुन्या गीतपुस्तकातले एक, पहिल्या कडव्यापासून शेवटपर्यंत, उभ्याने. कडवे गाळायचे नाही. कडवी गाळणाऱ्यांबद्दल तिचे मत असे की ही माणसे अभ्र्याची एकच बाजू इस्त्री करतील.

तिचा मुलगा कुरकुरायचा. "आई, अगं शेजारचे उठतात."

"उठू देत. कामावर जायचंच आहे त्यांना."

आम्ही एकाच लाँड्रीत होतो. इस्पितळांच्या चादरी आणि अभ्रे तिथे धुवायला यायचे. मी बॉयलरवर, ती वाफेच्या प्रेसवर. एकतीस वर्षे तिने एकाच प्रेसवर काढली. अभ्रा पसरायचा, पायाने पेडल दाबून झाकण खाली आणायचे, वाफ सोडायची, मोजून थांबायचे, झाकण उचलायचे, घडी घालायची. लवकर उचलले तर अभ्रा ओला राहतो, उशिरा उचलले तर पिवळा पडतो. बाकीच्या बायका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायच्या. ही गायची. एका कडव्यात एक अभ्रा. पहिल्या दोन ओळींत पसरणे, तिसरीच्या शेवटी झाकण खाली. तिसरीचे शेवटचे अक्षर वाफ संपेपर्यंत धरून ठेवायचे, आणि चौथीत घडी.

मुकादम एकदा म्हणाला, "बाई, हे चर्च नाही."

"म्हणून तर इथं गाते. तिथं आठवड्यातून एकदाच बोलावतात."

त्याने चिडून तिच्यामागे घड्याळ घेऊन अख्खा दिवस काढला. एकही अभ्रा पिवळा निघाला नाही. त्यानंतर त्याने तोंड मिटले. त्याच्या नोकरीत त्याने केलेले तेवढेच नीट काम.

रविवारी चर्चमध्ये ती मागच्या बाकावर बसायची आणि तशीच गायची. तिसऱ्या ओळीनंतर थांबायची. पुस्तकात तिथे थांबा नाही. पण आवाज तिचा, आणि बाकीच्यांचे म्हणजे नुसते ओठ. हळूहळू सगळी मंडळी थांबायला लागली. पायपेटी वाजवणारे मास्तरही पाय चालवत सूर धरून ठेवायचे. तीस वर्षांत चर्चमधली पोरे हा थांबा ऐकतच मोठी झाली.

मास्तर गेले. मग कमिटीला अक्कल आली. सेक्रेटरीने कीबोर्ड आणला, भिंतीवर पडदा लावला. सेक्रेटरीने आयुष्यात खुर्चीपेक्षा जड काही उचललेले नाही, पण उत्साह कसला. नवी गाणी आली. एकच ओळ अकरा वेळा, टाळ्या वाजवत. म्हणजे एकाच अभ्र्यावर अकरा वेळा प्रेस दाबायचा आणि बाकीचा ढीग ओला सोडायचा. मी भाविक माणूस नाही, पण काम कशाला म्हणतात ते मला कळते. जुनी गीते कोणी तरी घडवलेली आहेत. ओळ श्वासात मावते, कडवे संपते तेव्हा काही तरी पुरे झालेले असते, आणि रोज म्हटली तरी झिजत नाहीत. ज्याला रोज पहाटे उठायचे आहे त्याला असलेच काही तरी लागते.

पहिल्याच रविवारी जुने गीत लागले. कीबोर्डवाल्याने बटण दाबून ताल सुरू केला. तिसऱ्या ओळीनंतर सगळी मंडळी सवयीने थांबली. कीबोर्ड थांबला नाही, त्याला कोण शिकवणार? पाचव्या कडव्याला कीबोर्ड एक अख्खी ओळ पुढे होता. शेवटी तो बंद पडला आणि माणसे गातच राहिली.

उपासना संपल्यावर सेक्रेटरी मागच्या बाकाशी आला. "बाई, तुम्ही गाणं ओढता."

"मी ओढते म्हणून चालतं. सोडून बघा."

"तुम्ही मनातल्या मनात म्हणत जा. देवाला ऐकू येतं."

"देवाला येतं हो. मागच्या बाकाला येत नाही."

जुनी गीते महिन्यातून एकदा झाली, मग बंद. इस्त्रीबाई मनातल्या मनात म्हणायला लागली. पहाटेचे गीतही बसल्या बसल्या, अर्ध्या आवाजात. मी तिला विचारले तर म्हणाली, "भाऊ, एकटीनं सूर सापडत नाही आता. मास्तरांची पेटी कानात असायची."

पायपेटी जिन्याखाली फरशी पुसायच्या बादल्यांमागे पडली होती. उंदरांनी भाता कुरतडलेला. शनिवारी भंगारवाला येणार होता. त्याच आठवड्यात इस्त्रीबाई निवृत्त झाली आणि तिचा फंड हातात आला. मुलाने पुढच्या खोलीला फरशी बसवायचे ठरवून टाकले होते, नमुनेही आणून ठेवले होते. ती सेक्रेटरीकडे गेली.

"भंगारवाल्याला देताय ती मला द्या. त्याच्याच भावात."

"घरात ठेवणार कुठं?"

"पलंग बाहेर काढीन."

भाता मी बांधला. सव्वीस दिवस लागले, कारण पहिल्यांदा मी घाई केली. पेडल मारून ती म्हणाली, "हवा गळतेय."

"कुठं?"

"डाव्या कोपऱ्यात. ऐका की."

वाफेची गळती ऐकण्यात माझा जन्म गेला, आणि मला ऐकू आली नाही. सगळे उकलून पुन्हा शिवले.

ती एका बोटाने वाजवायला शिकली. पाय आधीच शिकलेले होते. पहिल्या पाळीला जाणाऱ्या सात-आठ बायका आता साडेचारला तिच्या खोलीत उभ्या राहतात, एक गीत पूर्ण म्हणतात आणि कामावर जातात. सून सगळ्यांसाठी दार उघडते. शेजारचे उठतात.

यंदा चर्चची स्मरणिका निघाली. सेक्रेटरीने लिहिले आहे की तिसऱ्या ओळीनंतरचा दीर्घ विराम ही आपल्या पूर्वजांची ध्यानाची रीत असून ती जपली पाहिजे. जुनी गीते पुन्हा सुरू झाली आहेत. कीबोर्डवाला तिथे बटण दाबून ताल बंद करतो.

मी तिला ते वाचून दाखवले.

"पूर्वज? अहो, अभ्रा ओला राहू नये म्हणून थांबायचे मी."

"सांगू का त्याला?"

"राहू द्या. थांबतायत ना."

पुढच्या खोलीला फरशी बसलेली नाही. एकतीस वर्षे पेडल मारून तिने काय मिळवले असे मुलगा अजून विचारतो. भंगाराच्या भावात एक पेटी, बकऱ्याचे कातडे, सरस, दोन स्प्रिंगा. हवा गळत नाही.