दोन जीबीच्या कॉम्प्युटरवर मालगाडी

रविवारी सकाळी रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरात एक मालगाडी जोडली गेली. चारच डबे... पण आम्ही तिघं इतके ओरडलो की शेजारच्या काकू काय झालं ते पाहायला दारात आल्या.

बाबा रेल्वेतून रिटायर झालेले. नोकरीभर शंटिंग केलं, म्हणजे यार्डात डबे तोडायचे, जोडायचे, मालगाड्या लावायच्या. चार महिन्यांपूर्वी त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. बोलणं वाचलं, पाय सावरला, पण उजवा हात नुसता मांडीवर पडून राहू लागला.

फिजिओथेरपीच्या दीदी म्हणायच्या, हातात जोर आहे, अंकल वापरतच नाहीत. व्यायामासाठी रबरी चेंडू दिला तर बाबांनी तो खिडकीत ठेवून दिला. ‘मी का लहान पोट्टा आहो?’ हात सुधारायचे दिवस निघून चाललेत, ही भीती मला ऑफिसातही सोडत नव्हती.

एक गोष्ट मात्र ते रोज करायचे. डाव्या हातानं का होईना, आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर पत्ते खेळायचे. म्हणून वाटलं, त्यांच्यासाठी एक गेम आपणच बनवावा... डबे जोडायचा. कॉलेजात थोडं प्रोग्रामिंग शिकले होते, भांडवल तेवढंच.

अडचण होती त्या कॉम्प्युटरची. दोन जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड नाही, सिस्टीमही जुनी, बत्तीस बिटची. ऑफिसचा लॅपटॉप मी घरच्या कामाला वापरत नाही, त्यामुळे बनवायचं तेही याच मशीनवर.

मग ऑफिसला नवा रायपूरच्या बसमध्ये जाता-येता तीन आठवडे मी गेम बनवायच्या सॉफ्टवेअरची माहिती वाचत बसले. वहीत तक्ता केला... कुणाला किती रॅम लागते, कोण काय देतं. आई म्हणाली, ‘सॉफ्टवेअर पाहून राहिली का सोयरीक जुळवून राहिली वं तू?’

टोमणा लागला, कारण खरा होता. निवड चुकेल या धास्तीनं मी निवडतच नव्हते.

शेवटी एकेक करून टाकून पाहिलं. सगळ्यात नावाजलेलं होतं ते इन्स्टॉलच झालं नाही. दुसरं झालं, पण उघडल्यावर स्क्रीन काळी... आणि पंखा असा घरघरायला लागला की बाबांनीच स्विच बंद केला. नावं लिहीत नाही. दोष त्यांचा नाही, ती नव्या मशीनसाठीच बनलेली आहेत.

तिसरं अगदी छोटं होतं, तक्त्यात शेवटच्या ओळीत लिहिलेलं. नवीन व्हर्जन चाललं नाही, पण बनवणाऱ्यानं जुन्या मशीनवाल्यांसाठी आधीचं व्हर्जन वेबसाइटवर राहू दिलं होतं. ते दहा सेकंदांत उघडलं! दिसायला ओबडधोबड, थ्रीडी वगैरे काही नाही... पण रूळ, इंजिन आणि डबे यांना किती लागतं?

चार-पाच संध्याकाळी बसून यार्ड तयार केलं. खेळ सोपा ठेवला. स्पेसबार दाबला की इंजिन डब्याकडे जाणार. उजव्या हाताचं एक बोट हललं तरी पुरे, असा माझा हिशोब.

बाबांनी स्पेसबार डाव्या हातानं दाबला. इंजिन सुसाट गेलं, डब्याला धडकलं आणि स्क्रीनवर ‘शाब्बास’ आलं. बाबा भडकले. ‘काय करून ठेवलंस हे? काहून असं सोडलं इंजिन? सिग्नल कोण देईन?’

इतकी वर्षं या माणसाच्या घरात काढली... आणि यार्डात काम कसं चालतं हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

‘ड्रायव्हरले मागचं दिसत नाही,’ ते म्हणाले. ‘तो आपल्या हाताकडे पाहून राहतो. दूर न्यायचं तर असं...’ आणि त्यांनी हात सावकाश वर-खाली केला. ‘जवळ बोलवायचं तर असं, आडवा.’

आईनं माझा दंड घट्ट धरला. उचललेला हात उजवा होता. खांद्यापर्यंत नाही, जेमतेम छातीपर्यंत, थरथरत... पण उजवा. बाबांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

मी स्पेसबार काढून टाकला. आता माउस सावकाश वर-खाली केला की इंजिन दूर जातं, आडवा फिरवला की जवळ येतं. झटका दिला तर जागीच थांबतं. एवढं त्या छोट्या सॉफ्टवेअरला आरामात जमलं, मलाच दोन दिवस लागले.

आणि मग तो रविवार. बाबांनी माउस उजव्या हातात घेतला. बोटं नीट वळत नव्हती, इंजिन चारदा मध्येच थांबलं. मी मदतीला हात पुढे केला, तर म्हणाले, ‘यार्डात मधे येऊ नको.’ पाचव्या वेळी पहिला डबा जोडला गेला. मग दुसरा, तिसरा... चौथ्याला आई जवळजवळ नाचली.

गेममुळे हात सुधारला, असं मी म्हणणार नाही. दीदींची मेहनत आहे, आणि बराच पल्ला बाकी आहे. पण मंगळवारी त्या आल्या तेव्हा बाबांनी कुणी न सांगता हात वर केला. ‘अरे अंकल, ये कब से?’ दीदींनी विचारलं. बाबा म्हणाले, ‘ड्यूटी लग गई है, बेटा.’

काल त्यांची तक्रार आली... यार्ड फार लहान आहे, एवढ्या जागेत कोणी काम करते का? कुणाची तक्रार ऐकून मला इतकं बरं आजवर कधी वाटलं नव्हतं.